महाडचे विंचूदंश-संशोधन आणि वैद्यकीय नियतकालिकांची जबाबदारी

वैद्यकीय नियतकालिकांच्या नीतिनियमांचा इतिहास बहुधा लंडन, हेलसिंकी, व्हँकुव्हर अशा नगरांच्या नावांनी सांगितला जातो. परिषदा तेथे भरल्या, संकेतांचे मसुदे तेथे सिद्ध झाले, तेव्हा हे स्वाभाविकच आहे. परंतु हे नियम ज्या लेखांसाठी झाले ते लेख जेथे लिहिले जातात तेथून हा इतिहास न्याहाळला, तर त्याचे एक निराळे अंग दृष्टीस पडते. प्रस्तुत लेखासाठी असे एक स्थळ निवडले आहे. ते म्हणजे सावित्री नदीच्या काठचे, पूर्वी खाडीतून चालणाऱ्या व्यापाराचे बंदर असलेले महाड. रायगड जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला विद्यापीठ नाही, वैद्यकीय महाविद्यालय नाही. तरीही १९८२ ते २०११ या तीन दशकांत लंडनच्या दोन अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांत येथील रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध झाली, आणि ती एका सामान्य चिकित्सकाने लिहिलेली होती. ही घटना अपूर्व म्हणून गौरविण्यात आली ते योग्यच झाले. परंतु गौरवाच्या भरात एका प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. सहस्रावधी कोस दूर असलेल्या संपादकाने, ज्याला कोणत्याही संस्थेचा आधार नाही अशा लेखकावर विश्वास कोणत्या आधाराने ठेवला, आणि तो ठेवणे त्याच्या कर्तव्यास धरून होते काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद त्याच्या स्वरूपातून उद्भवतो. कोकणातील लाल विंचू आकाराने लहान, पण त्याचा दंश मोठ्या काळ्या विंचवाच्या दंशाहून कितीतरी भयंकर. भातखाचरांच्या बांधांवर, गवताच्या भाऱ्यांत, जांभ्या दगडाच्या गडग्यांत आणि कौलारू घरांच्या सांदीकोपऱ्यांत तो राहतो. त्याच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि शरीरात उत्तेजक द्रव्यांचा एकच लोंढा उसळतो. रुग्णाला ओकाऱ्या होतात, दरदरून घाम सुटतो, तोंडाला लाळ सुटते, हातपाय गार पडतात आणि रक्तदाब चढतो. पुढे हृदयाला हा भार सोसेनासा झाला म्हणजे फुफ्फुसात पाणी भरते व श्वास कोंडतो. दंशाच्या जागी तीव्र वेदना असणारा रुग्ण बहुधा बचावतो. ज्याला वेदना फारशी नाही पण घाम आणि थंडावा आहे, त्याची स्थिती चिंताजनक असते. ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात सापडते, पण कोकणातील वैद्याला ती रुग्णाच्या उशाशी बसूनच शिकावी लागली.

पश्चिम भारतातील अशा मृत्यूंची नोंद १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती. पण नोंद छापली गेली म्हणून उपचार बदलला असे झाले नाही. पुढील पंधरा-वीस वर्षे खेड्यातील दवाखान्यांत ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरील औषधे आणि गुंगी आणणारी मिश्रणे यांचाच वापर होत राहिला. यांपैकी काही निरुपयोगी होती, तर काही प्रत्यक्ष अपायकारक ठरण्याचा संभव होता. दवाखान्याच्या वाटेवर मांत्रिकाचे घर लागे, आणि पहिले दोन तास तेथेच जात, ही गोष्ट वेगळी सांगावयास नको.

जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. ‘रायगड’ हे नामांतर १९८१ मधील. त्या केंद्रात अतिदक्षता कक्ष नव्हता, ग्रंथालय नव्हते, आणि तज्ज्ञाचा सल्ला हवा तर घाट ओलांडून पुण्यास किंवा मुंबईस जावे लागे. होते ते रुग्ण, आणि त्यांच्याजवळ रात्रभर बसून घेतलेल्या नोंदी. या नोंदींतून निघालेला लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर आघात होणार, हे अगोदर सुचविणारी चिन्हे कोणती, हा त्याचा विषय होता. त्यात यंत्राने घेतलेली सूक्ष्म मापने फार नाहीत. त्याचे बळ कोणते चिन्ह केव्हा दिसले आणि त्या रुग्णाचे पुढे काय झाले, या क्रमाच्या काटेकोरपणात आहे.

येथे संपादकाच्या भूमिकेचा विचार करणे प्राप्त आहे. १९८२ साली ‘लॅन्सेट’चे संपादक इयन मन्रो होते. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती १९७८ साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या बैठकीतून उदयास आली होती आणि तिचे आरंभीचे संकेत बव्हंशी हस्तलिखिताच्या मांडणीविषयी, संदर्भ देण्याच्या पद्धतीविषयी होते. लेखकत्वाची व्याख्या, हितसंबंधांची कबुली, चाचणीची पूर्वनोंदणी हे पुढचे टप्पे. म्हणजे बिरवाडीहून आलेले हस्तलिखित तपासण्यासाठी संपादकाजवळ दोनच साधने होती: मजकुराची अंतर्गत सुसंगती आणि विषय जाणणाऱ्या परीक्षकांचे मत. परीक्षक हे सांगू शकतो की लिहिले आहे ते शरीरक्रियेच्या ज्ञात नियमांशी जुळते. लिहिल्याप्रमाणे घडले, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते केवळ लेखकाला ठाऊक असते, आणि ज्याला बोलता येत नाही अशा रुग्णाला. वैद्यकीय प्रसिद्धीच्या साऱ्या नीतिशास्त्राच्या मुळाशी हीच विषमता आहे. पुढील काळात रचलेले सगळे नियम तिला कुंपण घालण्याचे प्रयत्न होत. ती नाहीशी करणे कोणत्याच नियमाला साधलेले नाही.

१९८६ सालच्या प्रसिद्धीत हा प्रश्न अधिक तीव्र झाला. मधल्या काळात डॉ. बावस्कर यांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली होती आणि ते पुन्हा महाडकडे परतले होते. विंचवाच्या विषाचा मुख्य आघात ज्या अल्फा ग्राहकांमार्फत होतो, त्यांनाच अडविणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध तेव्हा उपलब्ध होते. औषध गोळीच्या रूपात, स्वस्त, पोटात घेण्याचे. शिरेतून थेंबाथेंबाने देण्याच्या औषधांना जे यंत्र व जी शुश्रूषा लागते ती येथे नको. रुग्णाला आडवे ठेवावयाचे, कारण पहिल्या मात्रेनंतर उभे राहिल्यास रक्तदाब एकाएकी घसरतो, आणि ठरावीक तासांनी मात्रा पुन्हा द्यावयाची, एवढे पथ्य सांभाळले की प्राथमिक केंद्रातही हा उपचार शक्य होता. डॉ. हिंमतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या संयुक्त नावाने या उपचाराचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये आला. तो जेमतेम दोन पानांत मावणारा, पत्ररूप होता.

या वृत्तांतामागील तुलना पूर्वी व नंतरच्या रुग्णांची आहे. बावस्कर दांपत्याच्या पुढील लेखांत तिची मांडणी स्पष्ट आढळते: १९६१ ते १९८३ या प्राझोसिनपूर्व काळात पश्चिम भारतात फुफ्फुसात पाणी भरून शेकडा पंचवीस ते तीस रुग्ण दगावत, आणि १९८४ पासून हे प्रमाण शेकडा एकाहून खाली आले. फरक एवढा प्रचंड आहे की त्यापुढे आक्षेप घेणे करंटेपणाचे वाटावे. तथापि संशोधनशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो घेतलाच पाहिजे. पूर्वीच्या काळी रुग्ण उशिरा येत आणि अत्यवस्थच तेवढे येत. उपचार मिळतो अशी ख्याती पसरल्यावर लवकर येणारे आणि सौम्य दंशाचे रुग्णही येऊ लागतात. रस्ते सुधारतात. स्वतः चिकित्सकाचा हात बसतो. या सर्वांचा वाटा त्या घटीत किती, हे केवळ पूर्वोत्तर तुलनेने सांगता येत नाही. ज्यांची ओकारी थांबत नाही त्यांच्या पोटात गोळी किती राहिली, हाही प्रश्न आहेच.

मग असा वृत्तांत छापणे हे संपादकाच्या जबाबदारीस सोडून झाले काय? आमच्या मते नाही, आणि त्याचे कारण केवळ परिणाम चांगला झाला हे नव्हे. परिणामावरून निर्णयाचे समर्थन करणे इतिहासकाराला सोपे असते. निर्णय घेताना तो परिणाम कोणालाच ठाऊक नसतो. १९८६ मधील स्थिती अशी की प्रचलित उपचारांपैकी एकही सिद्ध झालेला नव्हता, रोग तासांच्या हिशेबाने मारणारा होता, आणि नवे औषध दुसऱ्या एका विकारासाठी अगोदरपासून वापरात असल्याने त्याचे दुष्परिणाम परिचित होते. १९६४ च्या हेलसिंकी घोषणेनेही, प्राण वाचण्याची आशा असेल तेथे चिकित्सकाला स्वतःच्या विवेकाने नवा उपाय योजण्याची मुभा ठेवली होती. १९७५ साली टोकियोत झालेल्या दुरुस्तीने स्वतंत्र समितीच्या परीक्षणाचे कलम आणले आणि घोषणेतील तत्त्वांना सोडून केलेल्या प्रयोगांचे वृत्तांत छापू नयेत, असे संपादकांनाही बजावले. म्हणजे १९८६ च्या संपादकापुढे दोन कर्तव्ये समोरासमोर उभी होती. अर्धवट सिद्ध गोष्टीला आपल्या नावाची प्रतिष्ठा देऊ नये, हे एक. आणि जेथे साक्षीदार एकच आहे तेथे त्याची साक्ष नोंदविल्याशिवाय त्याला परत पाठवू नये, हे दुसरे. पत्रव्यवहाराचे सदर या दोहोंमधील वाट होती. तेथे छापलेली गोष्ट सिद्धान्त म्हणून येत नाही. पडताळून पाहावी अशी सूचना म्हणून येते. त्या काळच्या नियतकालिकांनी हे सदर फार विचारपूर्वक चालविले होते, याची जाणीव आजच्या वाचकांत क्वचितच आढळते.

विश्वासाची ही वाट नेहमीच सुखरूप नसते, हे दाखविणारे उदाहरणही भारतातलेच आहे. उत्तर प्रदेशातील मोरादाबाद येथील एका खाजगी चिकित्सकाचा आहार व हृदयविकार या विषयावरील चाचणीचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९२ साली छापला. त्यानंतर आकड्यांविषयी शंका उपस्थित झाल्या. मूळ कागद मागितले असता त्यांतील काही वाळवीने खाल्ल्याचे उत्तर मिळाले. संख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध आकडे तपासले तेव्हा त्यांच्या विभागणीत स्वाभाविक न वाटणारे गुण आढळले. नियतकालिकाने चौकशीसाठी भारतातील जबाबदार संस्थेचा शोध वर्षानुवर्षे केला, पण निर्णय देणारे कोणी पुढे आले नाही. अखेर २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने या लेखाविषयी आणि ‘लॅन्सेट’ने त्याच लेखकाच्या २००२ सालच्या दुसऱ्या लेखाविषयी साशंकतेचे जाहीर निवेदन छापले. पहिल्या लेखापासून या निवेदनापर्यंत तेरा वर्षे गेली.

मोरादाबाद आणि महाड यांत बाह्यतः साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे खाजगी चिकित्सक, दोन्हीकडे मोठ्या संस्थेचा अभाव, दोन्ही लेखांची परीक्षा दूर लंडनमध्ये झालेली. फरक पाहावयाचा तो पुढच्या वागणुकीत. महाडचे निरीक्षण इतरांना पडताळता येण्याजोगे होते आणि पडताळले गेले. औषध गोळीचे, रोग कोकणापासून दक्षिण भारतापर्यंत पसरलेला, आणि निकाल काही तासांत दिसणारा. खोट्याला येथे फार काळ टिकाव धरणे अवघड होते. उलट दीर्घकाळ चालणाऱ्या आहारविषयक चाचणीची पुनरावृत्ती सहज होत नाही. म्हणून संपादकाने लेखकाच्या पत्त्यापेक्षा त्याचे विधान पडताळण्याजोगे आहे की नाही, आणि पडताळणीचा खर्च कोणावर पडणार आहे, हे अधिक पाहावे, असा बोध या जोडीतून निघतो. लेखकाच्या पत्त्यावरून संशय घेणे हा आळशी संपादकाचा मार्ग झाला. दुर्दैवाने मोरादाबाद प्रकरणानंतर भारतीय खाजगी चिकित्सकांच्या लेखांकडे पाहण्याची दृष्टी अधिक संशयी झाली असल्यास नवल नाही.

आता २०११ सालच्या चाचणीकडे वळू. प्राझोसिन रूढ झाल्यावर प्रतिविषाचा प्रश्न पुढे आला. प्रतिविष रक्तातील विष निष्प्रभ करते, पण एकदा उसळलेला लोंढा परतवीत नाही, अशी शंका होती. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, दंश झालेल्या सरसकट सर्व रुग्णांना प्रतिविष देण्यात लाभ दिसला नव्हता. २००९ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथून, अवघ्या पंधरा बालकांवरील चाचणीत, तेथील विंचवाच्या प्रतिविषाने स्पष्ट गुण दिसल्याचे वृत्त आले. विंचू निराळे, विष निराळे, रुग्णांची निवड निराळी. तेव्हा कोकणातील लाल विंचवाविषयी दोन्हींवरून काहीच ठरत नव्हते. कोकणातीलच डॉ. नातू व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यानंतर २०११ च्या जानेवारीत बावस्कर दांपत्याची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. सत्तर रुग्णांची दैवयोगाने विभागणी करून पस्तीस जणांना प्राझोसिनसह प्रतिविष आणि पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन देण्यात आले. दहा तासांच्या अखेरीस पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्या गटातील ८ रुग्ण लक्षणमुक्त झाले होते.

चाचणी उघड होती, म्हणजे कोणाला काय दिले हे वैद्यालाही ठाऊक होते, आणि ही मर्यादा शीर्षकातच नमूद आहे. हा प्रामाणिकपणा लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. शीर्षक वाचून पुढे जाणाऱ्या वाचकांची संख्या मोठी असते, आणि मर्यादा शेवटच्या परिच्छेदात पुरून ठेवण्याची रीत सर्वत्र आढळते. दुसरी मर्यादा रुग्णांच्या निवडीत आहे. घाम, ओकाऱ्या, गार हातपाय अशी लक्षणे असलेले, पण हृदय व फुफ्फुस अद्याप न बिघडलेले रुग्ण या चाचणीत घेतले होते. त्यामुळे प्रतिविषाने लक्षणे लवकर ओसरतात, एवढेच ती सांगते. मृत्यू टळतो काय, हे ती सांगू शकत नाही, आणि सत्तर रुग्णांत ते सांगता आलेही नसते. पुढील काळात वर्तमानपत्रांनी हा भेद सांभाळला नाही. त्याचा दोष लेखकांकडे किंवा नियतकालिकाकडे जात नाही, परंतु संशोधन प्रसिद्ध झाल्यावर त्याचा अर्थ कोणी, किती ताणला, याकडे लक्ष ठेवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न अनिर्णित राहतो.

१९८६ चे पत्र आणि २०११ चा लेख यांच्यामध्ये नियमांचे जग पार बदलले होते. ब्रिटिश संपादकांनी १९९७ साली प्रसिद्धीच्या नीतीविषयी समिती स्थापन केली. संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००४ साली जाहीर केले की पूर्वनोंदणी न झालेल्या चाचण्या आपण छापणार नाही. भारताची चाचणी-नोंदवही २००७ साली उघडली आणि २००९ च्या जूनपासून औषधचाचण्यांची नोंदणी अनिवार्य झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००० आणि २००६ साली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून काढली; २०१७ च्या आवृत्तीत लेखकत्व, वाङ्मयचौर्य व हितसंबंध यांचाही परामर्श घेतला आहे. मुंबईत १९९३ साली निघालेल्या, आणि आज ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियतकालिकाने ही चर्चा येथील चिकित्सकांच्या दारापर्यंत आणली. या प्रत्येक नियमामागे कुठे तरी झालेली फसवणूक किंवा रुग्णाची हानी आहे, म्हणून त्यांना कागदी म्हणून हिणविणे अनुचित होय. तथापि त्यांची रचना मोठ्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे, हेही तितकेच खरे. ज्या दवाखान्यात दोन वैद्य व चार परिचारिका, तेथे नीतिसमिती कोठून यावयाची? तिच्यासाठी दूरच्या संस्थेकडे जावे लागते. नोंदणीचे अर्ज इंग्रजीत, संगणकावर. आणि मुक्त प्रसिद्धीच्या नव्या व्यवस्थेत लेखकाकडून शेकडो, प्रसंगी हजारो डॉलर मागितले जातात. १९८२ साली बिरवाडीहून हस्तलिखित टपालाने पाठविण्यास जो खर्च आला असेल, त्याच्याशी याची तुलना करून पाहावी.

संमतीचा मुद्दा येथे थोडक्यात घेतो. श्वास कोंडलेल्या मुलाच्या आईकडून चाचणीसाठी संमती घेणे म्हणजे काय, हे ज्याने रात्री दोन वाजता तिच्यासमोर उभे राहून अनुभवले नाही, त्याला त्या कागदाचे खरे मोल आणि खरी दुर्बलता कळणे कठीण. तिला ‘विभागणी’ समजत नाही. डॉक्टर सांगतील ते करावे, एवढेच समजते. अशा संमतीला कायद्याने अर्थ असला तरी नैतिक भार वैद्यावरच उरतो. आणि या संशोधनाचे फलित तिच्या भाषेत तिच्यापर्यंत पोहोचले काय? ज्ञान बिरवाडीहून लंडनला गेले, पण लंडनहून पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धनच्या आरोग्य केंद्रांत परतण्यास त्याला बराच अवधी लागला, आणि त्यासाठी स्वतः लेखकांना व्याख्याने देत हिंडावे लागले. डॉ. बावस्कर यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन मराठीत लिहिले म्हणून सामान्य वाचकाला ही हकीकत कळली. ज्या भागातील रुग्णांवर संशोधन झाले त्या भागाच्या भाषेत त्याचा सारांश देणे ही नियतकालिकाची जबाबदारी आहे, असे मानणारे संपादक आजही थोडेच.

आता ज्या विषयाचा आपल्या विद्यार्थ्यांशी व अध्यापकांशी निकटचा संबंध आहे, त्याकडे येतो. तत्कालीन मेडिकल कौन्सिलने ३ सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकाने वैद्यकीय अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रसिद्ध लेखांची संख्या ठरवून दिली. त्यात मूळ संशोधनपर लेख तेवढे धरावयाचे, पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय द्यावयाचे, केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणारी नियतकालिके वगळावयाची, अशा अटी होत्या. मात्र मान्य सूचींमध्ये अशी एक सूची होती की जिच्यात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा भरणा असल्याचे जाणकार सांगत होते. भारतातील अनेक वैद्यकीय संपादकांनी २०१६ साली एकत्र येऊन या नियमांचा फेरविचार व्हावा असे लिहिले. पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही परीक्षेस बसण्यासाठी एक लेख प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठविलेला दाखवावा लागे. संख्येची अट आली की पुरवठादार उत्पन्न होतात, हा बाजाराचा नियम विद्येच्या क्षेत्रातही लागू पडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन मान्य सूचीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांची पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. शुभदा नगरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. तिचा निष्कर्ष २०१८ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी शेकडा अठ्ठ्याऐंशींहून अधिक नियतकालिके कसोटीस उतरली नव्हती. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके सूचीतून काढून टाकली, पुढे २०१९ पासून नवी सूची अमलात आणली, आणि २०२५ साली तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांकडे सोपविली. मेडिकल कौन्सिलही २०२० च्या सप्टेंबरात इतिहासजमा होऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला.

२०१५ च्या त्या मोजपट्टीवर १९८६ चे पत्र ठेवून पाहिले, तर विपरीत चित्र दिसते. ते मूळ संशोधनपर लेख नव्हे, पत्र होते; म्हणून त्याचे मोल शून्य. ज्या दोन पानांनी कोकणातील विंचूदंशाचा उपचार बदलण्यास आरंभ झाला, ती दोन पाने एखाद्या अध्यापकाला बढतीच्या अर्जात जोडून उपयोग झाला नसता. उलट पैसे भरून तीन दिवसांत छापून आलेला, कोणीही न वाचलेला लेख त्याच अर्जात बिनतक्रार गणला गेला असता. आमचे विद्यार्थी अशा लेखांना मोह म्हणून नव्हे, तर परीक्षेची अट म्हणून सामोरे जातात, याचा विचार त्यांना दोष देणाऱ्यांनी करावा. दोषाचा पहिला वाटा अट घालणाऱ्यांचा, दुसरा त्या लेखावर मार्गदर्शक म्हणून आपले नाव घालू देणाऱ्यांचा.

हितसंबंधांविषयी एकच प्रसंग नमूद करतो. २०१३ साली डॉ. बावस्कर यांना, त्यांच्या एका रुग्णाच्या तपासणीनंतर, पुण्यातील एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार केली. हा व्यवहार इतका सर्वत्र रुळलेला होता की बातमी झाली ती धनादेशाची नव्हे, तक्रारीची. नियतकालिकात हितसंबंधांच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिणाऱ्या लेखकाचा रोजचा व्यवसाय कसा चालतो, हे संपादकाला कधीच दिसत नाही. महाडच्या लेखकाविषयी ते अपघाताने जगाला दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दोन्ही गोष्टींचा उल्लेख एकत्र झाला.

या इतिहासाची साधने मात्र चिंतेचा विषय आहेत. छापलेले लेख ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. प्रश्न आहे तो ज्यांवरून ते लिहिले गेले त्या नोंदींचा, म्हणजे रुग्णांच्या कागदांचा, आरोग्य केंद्रांच्या वह्यांचा, संपादकांशी झालेल्या टपालाचा, परीक्षकांच्या अभिप्रायांचा. कोकणच्या दमट हवेत कागद पाच-दहा पावसाळ्यांत पिवळा पडून चिकटतो, आणि वाळवीचे उत्तर येथे नेहमीच बहाणा नसते. २०२१ च्या जुलैत सावित्री व गांधारी यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, तेव्हा दुकानांप्रमाणे दप्तरेही भिजली. जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या १९६० ते १९९० या काळातील विंचूदंश व सर्पदंशाच्या वह्या कोठे उरल्या आहेत, त्यांतील रुग्णांची नावे झाकून त्या प्रतिरूपित करता येतील काय, आणि कोणत्या ग्रंथालयाने त्या ठेवून घ्याव्यात, याची पाहणी एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधाचा विषय म्हणून हाती घेतल्यास १९६१ ते १९८३ या काळातील मृत्यूंचे ते वादग्रस्त प्रमाण मूळ कागदांवरून तपासता येईल. आरंभ बिरवाडीच्या केंद्रापासून करावा.